ईटनची नामावली आणि शाळेचे दार

इंग्लंडात थेम्स नदीच्या काठी, विंडसरच्या राजवाड्यासमोर, ईटन नावाचे एक लहानसे गाव आहे. त्या गावात मुलांची एक खासगी शाळा असून तिच्या माजी विद्यार्थ्यांची यादी साऱ्या जगात मोठ्या मानाने सांगितली जाते. १७२१ मध्ये सत्तेवर आलेल्या रॉबर्ट वॉलपोलपासून २०१९ मध्ये सत्तेवर आलेल्या बोरिस जॉन्सनपर्यंत ब्रिटनचे एकूण वीस पंतप्रधान ह्या एका शाळेने दिले. हिंदुस्थानावर अंमल गाजविण्यास आलेले कॉर्नवॉलिस, वेलस्ली, कॅनिंग, डफरिन, लॅन्सडाउन, कर्झन, आयर्विन, विलिंग्डन आणि लिनलिथगो हे सर्व ह्याच शाळेचे. शास्त्रज्ञ रॉबर्ट बॉईल, कवी ग्रे आणि शेली, अर्थशास्त्रज्ञ केन्स, लेखक जॉर्ज ऑर्वेल हेही तेथलेच.

अशी यादी वाचली की सामान्य माणसाच्या मनात दोन विचार येतात. पहिला हा की, त्या शाळेत काही विशेष असले पाहिजे. दुसरा विचार माणूस तोंडाने बोलत नाही, परंतु तो मनाच्या तळाशी असतो. ती माणसेच मुळात वरच्या दर्जाची, त्यांचे रक्तच वेगळे, असे त्याला वाटते. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना जन्मावरून माणसाची किंमत ठरते असे शिकविले गेले, त्यांच्या घरात हा दुसरा विचार सहजासहजी मरत नाही. धम्मदीक्षेने आपण जन्माची उतरंड नाकारली खरी, तथापि मोठ्या शाळेचे नाव ऐकताच मान आपोआप खाली जाण्याची सवय अद्याप पुरती गेलेली नाही. म्हणून ही यादी एकदा नीट तपासून पाहिली पाहिजे. ती गुणांची यादी आहे, की कोणाला आत घेतले आणि कोणाला बाहेर ठेवले ह्याची यादी आहे, हा प्रश्न आपल्या मुलांच्या भवितव्याशी निगडित आहे.

गरिबांसाठी काढलेली शाळा

ईटनची शाळा इंग्लंडचा राजा सहावा हेन्री याने १४४० मध्ये स्थापन केली. ती काढली कोणासाठी? सरदारांच्या मुलांसाठी नव्हे. सत्तर गरीब विद्यार्थ्यांना राहण्याजेवण्यासह फुकट शिकविता यावे, हा त्या राजाचा संकल्प होता. शाळेला त्याने जमिनी तोडून दिल्या. पुढच्याच वर्षी, १४४१ मध्ये, त्याने केंब्रिज येथे किंग्ज कॉलेज स्थापिले आणि ईटनच्या विद्यार्थ्यांनी तेथे जावे अशी व्यवस्था लावून दिली. त्या सत्तर विद्यार्थ्यांना 'किंग्ज स्कॉलर', म्हणजे राजाचे विद्यार्थी, असे म्हणत आणि आजही म्हणतात.

मग गरिबांची शाळा श्रीमंतांची कशी झाली? ती एका रात्रीत कोणी लुबाडली नाही. त्या सत्तर मुलांबरोबर बाहेरची मुलेही शिकावयास येऊ लागली. ती गावात घर घेऊन राहत, म्हणून लॅटिन भाषेतील गावाच्या शब्दावरून त्यांना 'ऑपिडन' हे नाव पडले. ही मुले पैसेवाल्यांची होती. त्यांच्या पैशावर शिक्षकांची प्राप्ती आणि गावातील घरवाल्यांचा चरितार्थ चालू लागला. ज्यांच्या पैशावर संस्था चालते त्यांच्याच इच्छेप्रमाणे ती वळते. कालांतराने सत्तर जण सत्तरच राहिले आणि फी भरणारे शेकड्यांनी वाढले. आज तेथे सुमारे तेराशे मुले शिकतात आणि राजाचे विद्यार्थी मात्र अद्याप सत्तरच आहेत.

बरे, ते सत्तर तरी गरिबांचे राहिले काय? तेही राहिले नाहीत. एकोणिसाव्या शतकात ह्या जागा स्पर्धापरीक्षेने भरण्यास प्रारंभ झाला. वरवर पाहता हा मोठा न्याय झाला. परंतु परीक्षा होती लॅटिन आणि ग्रीक भाषांची. ह्या भाषा मजुराच्या मुलाच्या शाळेत कोण शिकविणार? त्या शिकविणाऱ्या पूर्वतयारीच्या शाळा वेगळ्या होत्या आणि त्यांची फी जबर होती. अर्थात ज्याच्या बापाने आधी पाचसहा वर्षे पैसे ओतले, तोच मुलगा 'गरिबांच्या' जागेसाठी परीक्षेत पहिला येऊ लागला. दाराला कुलूप नव्हते, परंतु दारापर्यंत जाणारी वाट विकत घ्यावी लागे.

आणखी एक गंमत पाहा. अशा खासगी, महागड्या शाळांना इंग्लंडात 'पब्लिक स्कूल', म्हणजे सार्वजनिक शाळा, असे नाव आहे. ह्या शाळांच्या कारभाराची चौकशी करण्यासाठी १८६१ मध्ये सरकारने क्लॅरंडन आयोग नेमला, त्याने नऊ शाळा तपासल्या आणि १८६८ मध्ये त्यांतील सात शाळांसाठी कायदा झाला. कायद्याने कारभार सुधारला, परंतु शाळा जनतेच्या झाल्या नाहीत. आज ईटनची वार्षिक फी पन्नास हजार पौंडांहून अधिक आहे, म्हणजे आपल्या हिशेबाने अर्ध्या कोटी रुपयांच्या वर. काही मुले पूर्ण फीमाफीने शिकतात हे नमूद केलेच पाहिजे. परंतु माफी ही मेहेरबानी असते, हक्क नव्हे. आणि मुलगी कितीही हुशार असो, तिला त्या शाळेत प्रवेश नाही.

चार शतकांच्या राखीव जागा

आपल्या मुलाला राखीव जागेवर प्रवेश मिळाला की त्याच्या गुणवत्तेबद्दल शंका घेणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी ईटनचा इतिहास अवश्य वाचावा. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ईटनबाहेरच्या विद्यार्थ्याला प्रवेशच नव्हता. म्हणजे एका संपूर्ण कॉलेजच्या शंभर टक्के जागा एका शाळेसाठी राखीव होत्या, आणि त्या चारशे वर्षे राखीव होत्या. इतकेच नव्हे, तर १८५१ पर्यंत त्या कॉलेजच्या विद्यार्थ्यांना विद्यापीठाची परीक्षा न देताच पदवी मिळत असे. परीक्षा नाही, स्पर्धा नाही, तरी पदवी आहे! ह्या प्रकाराला कोणी गुणवत्तेचा ऱ्हास म्हटले नाही. त्याला परंपरा म्हटले गेले.

शाळेबाहेरही हेच. ब्रिटनच्या सैन्यात अधिकाराच्या जागा १८७१ पर्यंत उघड उघड विकत मिळत. ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून जगप्रसिद्ध झालेला आर्थर वेलस्ली १७८१ ते १७८४ ह्या काळात ईटनमध्ये होता. तेथे त्याने काही चमक दाखविली नाही, आणि घरी पैशाची ओढाताण झाली म्हणून त्याला काढून घेण्यात आले. पुढे थोरल्या भावाच्या पैशाने त्याला सैन्यात बढतीच्या जागा मिळाल्या. १७९७ मध्ये तो आपल्या पलटणीसह हिंदुस्थानात आला आणि दुसऱ्याच वर्षी तोच थोरला भाऊ, रिचर्ड वेलस्ली, तोही ईटनचाच, गव्हर्नर जनरल होऊन येथे आला. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे आर्थरने शिंदे व भोसले यांच्या फौजांचा पराभव केला आणि त्याची कीर्ती सुरू झाली. तो शूर आणि कुशल सेनापती होता ह्यात वाद नाही. परंतु त्याला असईच्या रणांगणापर्यंत आणून उभे करणारी शिडी भावाच्या पैशाची आणि भावाच्या अधिकाराची होती. 'वॉटर्लूची लढाई ईटनच्या क्रीडांगणावर जिंकली गेली' असे एक वाक्य त्याच्या तोंडी घातले जाते. ते वाक्य १८५२ मध्ये तो वारल्यानंतर प्रचारात आले. शाळा आपल्या कीर्तीसाठी मेलेल्या माणसाच्या तोंडीही शब्द घालू शकते, एवढाच त्याचा अर्थ.

हिंदुस्थानात आलेल्या गव्हर्नर जनरलांचे आणि व्हाइसरॉयांचे तेच. ज्या देशाची भाषा येत नाही, ज्या देशातील शेतकऱ्याचे तोंड पाहिले नाही, त्या कोट्यवधी लोकांवर राज्य करण्यास एकाच शाळेतून एकामागून एक माणसे का निवडली गेली? गुणाचा शोध सगळ्या देशात घेतला असता तर तो इतक्या वेळा एकाच दारापाशी येऊन थांबला नसता.

ह्याचा अर्थ आज सर्व संपले असाही नाही. ब्रिटनमध्ये सुमारे सात टक्के लोक खासगी शाळांतून शिकलेले असतात. परंतु २०१९ मध्ये सटन ट्रस्टने प्रसिद्ध केलेल्या पाहणीत वरिष्ठ न्यायाधीशांपैकी ६५ टक्के खासगी शाळांचे विद्यार्थी असल्याचे आढळले. सात टक्के लोकांतून पासष्ट टक्के न्यायाधीश! हे आकडे निसर्गाने घातलेले नाहीत.

नावडते विद्यार्थी

नामावलीत काही नावे अशीही आहेत की, ती शाळेमुळे मोठी झाली असे म्हणता येत नाही. उलट शाळेने दिलेली शिकवण टाकून ती मोठी झाली.

ईटनमध्ये लहान मुलांनी मोठ्या मुलांची चाकरी करावी अशी 'फॅगिंग' नावाची रूढी होती. लहान मुलाने मोठ्याचा चहा करावा, निरोप पोचवावे, चुकल्यास मार खावा. ही रूढी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत टिकून होती. खालच्याने वरच्याची सेवा करावी आणि स्वतः वर गेल्यावर खालच्याकडून ती करून घ्यावी, हा पाठ तेथे लॅटिनपेक्षाही पक्का होई. आपल्या वाचकांना ही व्यवस्था समजावून सांगण्याची गरज नाही. फरक इतकाच की, तेथला लहान मुलगा पुढे मोठा होत असे आणि त्याची सुटका होत असे. आपल्याकडे चाकरी जन्माने येई आणि मरणानेच सुटे. कवी शेलीने त्या चाकरीस नकार दिला आणि त्यापायी सोबत्यांचा छळ सोसला. पुढे १८११ मध्ये निरीश्वरवादाची पुस्तिका लिहिल्याबद्दल त्याला ऑक्सफर्डमधूनही काढून टाकण्यात आले.

जॉर्ज ऑर्वेल याचे खरे नाव एरिक ब्लेअर. त्याचा जन्म १९०३ मध्ये बिहारमधील मोतीहारी येथे झाला, वडील सरकारच्या अफू खात्यात नोकरीस होते. पूर्वतयारीच्या शाळेने त्याला कमी फीत घेतले ते उपकार म्हणून नव्हे, तर तो शिष्यवृत्ती मिळवून शाळेचे नाव करील म्हणून. ह्या घोकंपट्टीचे आणि अपमानाचे वर्णन त्याने पुढे एका निबंधात केले आहे. १९१७ ते १९२१ ह्या काळात तो ईटनमध्ये राजाचा विद्यार्थी होता. नंतर ब्रह्मदेशात पोलीस अधिकारी झाला, साम्राज्याचा कारभार जवळून पाहिला आणि विटून नोकरी सोडली. गरिबांच्या वस्तीत राहून त्याने त्यांच्या जिण्याविषयी लिहिले. जे. बी. एस. हाल्डेन हा थोर जीवशास्त्रज्ञही ईटनचा. तेथील छळाची आठवण त्याला जन्मभर राहिली. १९५७ मध्ये तो भारतात आला, पुढे येथले नागरिकत्व घेतले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वर येथे त्याचा अंत झाला.

जॉन गर्डन ह्या शास्त्रज्ञाची गोष्ट तर फारच बोलकी आहे. १९४९ मध्ये ईटनमधील त्याच्या शिक्षकाने प्रगतिपुस्तकात असे मत नोंदविले की, ह्या मुलाने शास्त्रज्ञ होण्याचा विचार करणे हास्यास्पद आहे. त्याच गर्डनला २०१२ मध्ये वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ही गोष्ट सांगून लोक हसतात आणि पुढे जातात. आपण तेथे थांबले पाहिजे. शिक्षकाने नालायक ठरविल्यावरही गर्डनला ऑक्सफर्डमध्ये प्रवेश मिळाला आणि प्राणिशास्त्राकडे वळण्यासाठी आईवडिलांनी वर्षभर खासगी शिकवणीचा खर्च केला. म्हणजे एक दार लागले तर दुसरे उघडण्याची ऐपत घरात होती. आपल्या वस्तीतील ज्या मुलाला शिक्षकाने 'हा शिकणार नाही' असे म्हटले, त्याच्यासाठी दुसरे दार कोठे आहे? तो दुसऱ्या दिवशी कामावर जातो. अशी किती नोबेल पारितोषिके आपण वीटभट्टीवर आणि ऊसतोडीच्या फडात गमावली ह्याचा हिशेब कोणी ठेवला आहे?

केन्स आणि बाबासाहेब

नामावलीतील सर्वांत तीक्ष्ण बुद्धीचा माणूस म्हणून जॉन मेनार्ड केन्स यांचे नाव घेतात, आणि ते योग्यच आहे. १८९७ मध्ये ते राजाचे विद्यार्थी म्हणून ईटनमध्ये गेले. वडील केंब्रिजचे विद्वान, घरात ग्रंथांचा संग्रह, अभ्यासासाठी शिकवणीचे शिक्षक. ईटनहून किंग्ज कॉलेज, तेथून १९०६ मध्ये लंडनच्या इंडिया ऑफिसात नोकरी. हिंदुस्थान न पाहता त्यांनी १९१३ मध्ये हिंदुस्थानच्या चलनावर ग्रंथ लिहिला आणि त्याच साली ह्या विषयावर नेमलेल्या शाही आयोगाचे ते सभासद झाले. रुपया सोन्याच्या विनिमयावर टांगून ठेवण्याची जी पद्धत होती, तिचे त्यांनी समर्थन केले.

ह्याच सुमारास सातारच्या शाळेत घरून आणलेल्या तरटावर वेगळे बसणारा, शिपायाने वरून ओतल्याशिवाय ज्याला पाणी मिळत नसे असा एक विद्यार्थी मुंबईच्या सरकारी एल्फिन्स्टन हायस्कुलातून १९०७ मध्ये मॅट्रिक झाला होता. बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर तो १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेला आणि नंतर लंडनच्या अर्थशास्त्राच्या शाळेत दाखल झाला. १९२३ मध्ये त्याचा रुपयाच्या प्रश्नावरील इंग्रजी ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. त्यात त्याने केन्स यांचे नाव घेऊन त्यांच्या मताचे खंडन केले. सरकारच्या मर्जीवर रुपये पाडता येतात तोवर भाव स्थिर राहणार नाहीत आणि त्याचा भार गरिबावर पडेल, ही त्याची मांडणी होती. १९२५ मध्ये चलनविषयक शाही आयोगापुढे त्याने हीच बाजू साक्षीतून मांडली. तो विद्यार्थी म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

ह्या वादात अंतिम सत्य कोणाचे, हे अर्थशास्त्रज्ञांनी ठरवावे. आपल्याला त्यातून घ्यावयाचा बोध निराळा आहे. एका बाजूस साडेचारशे वर्षांची शाळा, तिच्या जमिनी, तिचे राखीव कॉलेज आणि विद्वान पित्याचे घर. दुसऱ्या बाजूस एक तरट, एक सरकारी शाळा, एक शिष्यवृत्ती आणि अहोरात्र अभ्यास. तरीही दोघे एकाच विषयावर समोरासमोर उभे राहिले आणि धाकट्याने मान खाली घातली नाही. १९३० मध्ये लंडनला गोलमेज परिषद भरली तेव्हा दिल्लीत आयर्विन व्हाइसरॉय होते, ते ईटनचे. १९४२ मध्ये लिनलिथगो यांच्या कार्यकारी मंडळात बाबासाहेब मजूरमंत्री म्हणून बसले, ते लिनलिथगोही ईटनचेच. एक दार उघडले तर काय घडते, हे त्या मेजाने दाखवून दिले. म्हणून रक्ताची गोष्ट आता कोणी आपल्याला सांगू नये.

परंतु येथेच एक धोका आहे. 'बाबासाहेब शिकले, मग इतरांना काय झाले?' असे म्हणणारे लोक असतात. एका असामान्य पुरुषाने भिंत ओलांडली म्हणून भिंत नव्हती असे होत नाही. ज्याला भिंत ओलांडण्यास असामान्य व्हावे लागते त्याच्यावर अन्याय होतो, आणि ज्याला सामान्य असूनही आत जागा मिळते त्याला अन्यायाचा लाभ होतो. ईटनच्या वीस पंतप्रधानांत सामान्य बुद्धीचे लोक थोडे नव्हते.

दार उघडले तेव्हा

मग भिंतीत दार कोणी पाडले? इंग्लंडातच त्याचे उत्तर आहे. १९५५ ते १९६४ ह्या काळात ईडन, मॅकमिलन आणि ह्यूम असे तीन पंतप्रधान ओळीने ईटनचे झाले. त्यानंतर १९६४ पासून २०१० पर्यंत, तब्बल शेहेचाळीस वर्षे, ईटनचा एकही विद्यार्थी पंतप्रधान झाला नाही. ह्या काळात सात माणसे त्या पदावर बसली आणि त्यांतील सहा जण सरकारी किंवा सरकारी मदतीच्या शाळांतून आलेली होती. एडवर्ड हीथ सुताराचा मुलगा. मार्गारेट थॅचर किराणा दुकानदाराची मुलगी. ईटनने तिला मुलगी म्हणूनच दारात उभे केले नसते.

ईटनच्या मुलांची बुद्धी १९६४ मध्ये अचानक आटली काय? तसे काही नाही. १९०७ मध्ये ब्रिटिश सरकारने नियम केला की, सरकारी अनुदान घेणाऱ्या माध्यमिक शाळांनी पंचवीस टक्के जागा प्राथमिक शाळांतील मुलांना फुकट द्याव्या. ह्या जागांतून आणि शिष्यवृत्त्यांतून वर आलेली पिढी पन्नासाठ वर्षांनी राज्यकर्ती झाली. १९४४ च्या शिक्षण कायद्याने सरकारी माध्यमिक शाळांतील फी अजिबात बंद केली. त्याही व्यवस्थेत अकराव्या वर्षीच्या परीक्षेने पुष्कळ कामकऱ्यांची मुले मागे पडली, हा तिचा दोष होता. तरीसुद्धा पंचवीस टक्के दार उघडताच तीनशे वर्षांच्या नामावलीत शेहेचाळीस वर्षांची खिंडार पडली. गुण कोठे दडून बसले होते हे त्यावरून कळते.

आपल्या देशातही हीच गोष्ट वेगळ्या रूपाने चालू आहे. संस्थानिकांच्या मुलांसाठी अजमेरला १८७५ मध्ये मेयो कॉलेज निघाले. डेहराडूनला १९३५ मध्ये डून स्कूल निघाले, त्याचे पहिले मुख्याध्यापक आर्थर फूट हे ईटनमधूनच आणलेले होते, आणि त्या शाळेनेही देशाला राजीव गांधींच्या रूपाने एक पंतप्रधान दिला. शेतकऱ्याच्या कराचा पैसा वरच्या वर्गाच्या शिक्षणावर खर्च होतो आणि वरून खाली काहीच झिरपत नाही, ही तक्रार जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे मांडली होती. ती तक्रार जुनी झाली, खोटी मात्र झाली नाही.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने विनाअनुदानित खासगी शाळांतही पहिल्या वर्गाच्या पंचवीस टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांच्या मुलांसाठी राखून ठेवल्या. इंग्लंडने १९०७ मध्ये ठरविलेला वाटाही पंचवीस टक्केच होता, हे ध्यानात घ्यावे. परंतु फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने नियम बदलून, ज्या खासगी शाळेच्या एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तिला ह्या बंधनातून मोकळे केले. शहरात अशी किती खासगी शाळा उरतील की जिच्याजवळ एकही सरकारी शाळा नाही? म्हणजे दार कायद्याने उघडायचे आणि नियमाने लावायचे, असा तो प्रकार होता. पालक आणि संघटना न्यायालयात गेल्या. १९ जुलै २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तो नियम रद्द ठरविला. हा विजय मोठा आहे. परंतु जो हक्क एकदा नियमाच्या एका ओळीने काढून घेता येतो, त्यावर पहारा ठेवावा लागतो. अर्ज वेळेवर भरणे, कागदपत्रे तयार ठेवणे, नकार मिळाल्यास तो लेखी मागणे आणि शेजारच्या निरक्षर आईलाही हे करून देणे, ही आज प्रत्येक शिकलेल्या कुटुंबाची कर्तव्ये आहेत.

आपली दारे

कोणी म्हणेल, आपणही आपले एखादे ईटन काढू, आपल्याही मुलांची नामावली तयार होईल. संस्था काढाव्यातच. बाबासाहेबांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापिली, १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० मध्ये औरंगाबादला महाविद्यालय सुरू केले. परंतु त्या संस्थांच्या दारावर जात विचारली जात नव्हती, हे त्यांचे खरे वैभव होते. ईटनचा इतिहास आपल्याला सांगतो की, गरिबांसाठी काढलेली संस्थाही गरिबांची राहतेच असे नाही. आधी थोडे देणगीवाले येतात. मग देणगीवर पगार चालतो. मग प्रवेशपरीक्षा येते आणि तिच्या तयारीचे वर्ग निघतात. शेवटी संस्थापकाची तसबीर भिंतीवर उरते आणि त्याचा संकल्प दाराबाहेर उभा राहतो.

हा धोका फक्त संस्थांना नाही, कुटुंबांनाही आहे. आपल्यातील जी घरे पुढे आली, त्यांची मुले आज महागड्या शाळांत जातात. त्यात गैर काही नाही. मुलाला उत्तम ते द्यावे. परंतु ज्या नगरपालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेतून आपण वर आलो, ती शाळा ओस पडली, शिक्षकाची जागा रिकामी राहिली, वसतिगृहात जेवण धड मिळेनासे झाले, तर ते पाहण्यास कोण जाणार? ज्याचा मुलगा त्या शाळेत नाही त्याला त्या शाळेची चिंता राहत नाही, हा जगाचा अनुभव आहे. शिडी चढून वर गेलेल्याने ती वर ओढून घेतली, तर त्याच्यात आणि ईटनच्या सरदारात फरक तो काय राहिला?

म्हणून नामवंत विद्यार्थ्यांच्या याद्या वाचाव्यात, परंतु हात जोडून वाचू नयेत. ईटनच्या मुलांना जे मिळाले त्यात जादू नव्हती. मोजकी मुले असलेला वर्ग, भरलेले ग्रंथालय, निजण्यास स्वतंत्र खोली, सभेत उभे राहून बोलण्याची सवय आणि आपल्या पाठीशी कोणी आहे हा विश्वास, एवढेच ते होते. ह्यांतील एकही गोष्ट अशी नाही की जी सरकारी शाळेत किंवा आपल्या विहारात देता येणार नाही. विहाराच्या एका कोपऱ्यात दिवा, चार बाके आणि पन्नास पुस्तके असली, रात्री दहापर्यंत ते दार उघडे राहिले, आणि आठवड्यातून एकदा दहावीच्या मुलामुलींनी सर्वांपुढे उभे राहून एका विषयावर बोलावे असा प्रघात पडला, तर त्या वस्तीतून काय निघेल हे आजच कोणी सांगू शकणार नाही.

शाळेची किंमत तिने किती मोठी माणसे दिली ह्यावरून ठरवू नये. तिने दाराशी आलेल्या किती लेकरांना परत पाठविले हे आधी विचारावे. ज्या दिवशी आपल्या तालुक्यातील एकही शाळा ह्या प्रश्नाला घाबरणार नाही, त्या दिवशी नामावल्या लिहिण्याची आपल्याला गरज उरणार नाही. तोपर्यंत दार उघडे ठेवण्याचे काम आपले आहे, आणि ते काम ह्या जून महिन्याच्या प्रवेशापासूनच सुरू करावयाचे आहे.